लंगरातला शिपाई

२६ जानेवारी १९७४

भोकरदनहून आत्ताच आले. पाय दुखतायत, पण लिहिल्याशिवाय चैन पडायची नाही.

तालुक्याला माजी सैनिकांचा मेळावा होता आणि झेंडागीत म्हणायला माझ्या शाळेच्या मुली होत्या. मामाही आले होते. मामा म्हणजे माझे सासरे, तातेराव. पलटणीत पंधरा वर्षं काढली त्यांनी, त्यामुळे बोलावणं असतंच. फक्त ते मंडपात बसायचं नसतं, मंडपामागे बुंदी पाडायचं असतं. लंगरात, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघरात, आचारी होते ना! आमच्या हसनाबादेपासून पार केदारखेड्यापर्यंत कुणाच्याही लग्नात तातेराव आचारी आले म्हणजे पोरीचा बाप निर्धास्त. मला या घरात येऊन वर्ष झालं, मी तरी त्यांच्याबद्दल दुसरं काही ऐकलेलं नाही.

झेंडा वर गेला तेव्हा माझी नजर सहज मागं वळली. कढईजवळ मामा उभे होते. झारा खाली ठेवलेला, टाचा जुळलेल्या, हात कपाळाशी. कढईत बुंदी जळत होती आणि हा माणूस हलायला तयार नव्हता. पुढच्या रांगेत छातीवर पदकं लावलेली मंडळी होती, पण इतकं ताठ त्यांच्यातही कुणी नव्हतं. गीत संपल्यावर त्यांनी जळकी बुंदी निमूट बाजूला काढली.

जेवणाच्या वेळी अंबडकडचे एक मच्छिंद्र म्हणून माजी हवालदार मागच्या बाजूला हात धुवायला आले आणि मामांना बघून ओरडलेच, "अरे नाईक तातेराव! मशीनगन सोडून झाऱ्या कवा धरला? अन् तुझं सेना पदक कुठं हाये?"

मामांचा चेहरा असा झाला की जणू चोरी करताना सापडले. "आधी जेवून घे," म्हणाले, "बुंदी गरम हाये." मग माझ्याकडं बघून हळूच, "सत्यशीला, घरी यातलं काही बोलायचं न्हाई. माह्या मायपुढं तर बिलकुल न्हाई."

मशीनगन! मी बसमध्ये सगळा वेळ त्यांच्याकडं चोरून बघत होते. ते मांडीवर रिकामी परात घेऊन झोपले होते.

२७ जानेवारी

सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, दळणाच्या निमित्तानं गाठलं. झाकली मूठ सव्वालाखाची, पण आत्याबाईंची मूठ त्यांनाच जड झाली असावी. भराभरा बोलल्या.

मामांचे थोरले भाऊ पुंजाराम मोठ्या लढाईत ब्रह्मदेशात गेले ते परत आलेच नाहीत. १९५० साली मामांनीही भरती व्हायचं म्हटलं तेव्हा आजीनं, म्हणजे मामांच्या आईनं, चतुराबाईनं, दार अडवलं. शेवटी त्यांचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून आन घातली, की लढाईवर जाणार न्हाई म्हण. मामांनी म्हटलं, "तुह्या गळ्याची आन, माय. लंगरात भाकरी थापीन, बंदुकीला हात लावणार न्हाई." गळ्याची आन मोडली तर जिच्या गळ्याची ती मरते. हे आमच्याकडं लहान पोरालाही ठाऊक असतं.

आणि पलटणीनं त्यांना दिली मशीनगन.

"मंग हो?" मी विचारलं.

"मंग काय! पहिल्या सुट्टीवर आल्ते तर भावकीतलं लग्न निघालं. पलटणीतला आचारी म्हनून ह्यांनाच बसवलं कढईवर. बुंदी अशी झाली बाई, लिंबाएवढे गोळे. फोडायला बत्ता लागंल." आत्याबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. "दुसऱ्या दिशी ह्यांना शेतातल्या आखाड्यावर, खोपीत नेलं. भर दुपारी, कोनी बघू नये म्हनून. वरन, भाजी, बुंदी, सगळं शिकवलं. दर सुट्टीला येक पदार्थ. सासूबाईंनी इचारलं तर सांगायचं, निंदायला गेल्तो."

"अन् आजींनी ते गोळे खाल्ले?"

"खाल्ले की. म्हनल्या, पलटनीत अशीच करत असतील."

बिचाऱ्या आजी. किती साध्या आहेत!

पदक पासष्टच्या लढाईतलं. कालव्याच्या काठावर मामांनी मशीनगन चालू ठेवली म्हणून बाकीची माणसं मागं येऊ शकली. उजव्या खांद्यात गोळी गेली. पदक मिळाल्याचं पलटणीत वाचून दाखवलं तेव्हा मामा इस्पितळात, मग दुसऱ्या इस्पितळात, आणि शेवटी घरी पाठवलं ते भलत्याच डेपोतून. त्यांच्या डिस्चार्ज बुकात पदकाचा उल्लेखच नाही. मामांनी कधी विचारलं नाही, सरकारनं कधी सांगितलं नाही.

३ फेब्रुवारी

आज मामांशी भांडले. वसंता, म्हणजे आमचे हे, जालन्याच्या डेपोत कंडक्टर आहेत, रविवारी घरी असतात. ते म्हणाले, "तू बापाशी भांडून राह्यली, मी मधात पडणार न्हाई." शूर घराणं!

मी म्हटलं, "मामा, अर्ज करू. नोंद दुरुस्त करून मागू. तुमचं आहे ते मागायला लाज कसली?"

"मायला कळंल."

"कळू द्या. आपण बौद्ध झालो, बावीस प्रतिज्ञा घेतल्या. आन लागते हे आपण मानतो का?"

मामा सुपारी कातरत राहिले. "न्हाई मानत," म्हणाले. "पन माय माह्यी हाये. न मानून तिला काही झालं तर मंग काय करू?"

मग मी जरा कपट केलं. म्हटलं, "सव्वीस जानेवारीला तुमची बुंदी जळत होती, मामा. मी बघितलं."

ते उठून गोठ्यात गेले. परत आले ते डिस्चार्ज बुक घेऊन, जुन्या फडक्यात गुंडाळलेलं. "लिही. पन मायच्या कानावर गेलं तर मी सगळं फाडून टाकीन."

९ फेब्रुवारी

अर्ज गेला. माझं अक्षर वळणदार आहे हे सगळे म्हणतात, पण आज मलाही पटलं. मच्छिंद्रकाकांनी त्यांची साक्ष लिहून पाठवायचं कबूल केलंय आणि तेव्हाच्या कॅप्टनसाहेबांचा पुण्याचा पत्ताही दिलाय.

आजी उन्हात बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोरी, तातेरावला म्हन, रोज उजवा खांदा शेकत जा. थंडीत दुखतो त्याचा." मी दचकलेच. "तुम्हाला कसं ठाऊक?" तर म्हणाल्या, "आं?" कान कमी झालेत त्यांचे. मग स्वतःच म्हणाल्या, "झाऱ्या हालवून दुखत असंल." सुटले बाई!

१८ मार्च

रेकॉर्ड ऑफिसचं उत्तर आलं. अशी कुठलीही नोंद आढळत नाही. एवढंच. मला रडू आलं, मामांना काही वाटलंच नाही असं त्यांनी दाखवलं. संध्याकाळी मात्र भाजीत दोनदा मीठ पडलं.

आजींनी सगळी खाल्ली.

कॅप्टनसाहेबांना पत्र टाकलं. वसंता म्हणाले, माझी सगळी पोस्टाची तिकिटं तूच संपव.

१४ एप्रिल

बाबासाहेबांची जयंती. सगळ्या वस्तीचं जेवण मामांच्या हातचं. माझ्या भाषणाला टाळ्या पडल्या, बुंदीला जास्त पडल्या.

मिरवणूक निघाली तशी पोरांनी कढईजवळच फटाक्यांची माळ लावली. पहिला बार झाला आणि मामा एकदम जमिनीवर पालथे, डोकं दोन्ही हातांत. सगळे हसायला लागले. मी धावणार तोवर आजी पोचल्या होत्या. इतक्या म्हाताऱ्या, पण कशा पोचल्या कुणास ठाऊक. मामांच्या पाठीवर हात फिरवत म्हणत होत्या, "काही न्हाई, बाबा. फटाका हाये. घरीच हाये तू." मग पोरांकडं वळून अशा शिव्या दिल्या की मी इथं लिहिणार नाही.

आईला वाटलं असणार तेल उडून भाजलं लेकराला. आईचं काळीज, दुसरं काय.

२ मे

कॅप्टनसाहेबांचं पत्र आलं! इंग्रजी पान मी मामांना मराठी करून वाचून दाखवलं. ‘मी आज जिवंत आहे तो या माणसामुळे’ असं त्यात होतं. मामा म्हणाले, "साहेब उगीच वाढवून लिहितात." मग म्हणाले, "तेवढं वाक्य पुन्हा वाच."

पत्र रेकॉर्ड ऑफिसला पाठवलं.

९ जून

उद्या औरंगाबादहून चौकशीचे साहेब येणार. घरच्या माणसांशी बोलतात म्हणे, शेजाऱ्यांनाही विचारतात. आजींचं काय करायचं यावर आम्ही चौघांनी दिवसभर खल केला. ठरलं की वसंतानं त्यांना सकाळीच केदारखेड्याला मामांच्या बहिणीकडं सोडायचं. आजी म्हणाल्या, "उन्हाचं कशाला?" पण कुरकुर न करता तयार झाल्या. त्यांना फिरायची हौस आहे.

१० जून

हातातलं काम टाकून लिहायला बसले.

साहेब आले. बरे होते, मिशी मोठी असली तरी आवाज मऊ. मच्छिंद्रकाका अंबडहून आले होते, ते बोलले. आत्याबाई बोलल्या. सगळं बराबर चाललं होतं आणि दारात बैलगाडी थांबली. कुणाच्या तरी गाडीत बसून आजी परत! म्हणे, तंबाखूची पिशवी विसरली. पिशवी त्यांच्या कमरेलाच होती.

साहेबांनी नमस्कार केला आणि मोठ्यानं विचारलं, "आजी, तुमचा मुलगा पलटणीत काय करायचा?"

मी मामांकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

आजी म्हणाल्या, "सैपाक. लय चांगला करायचा. साहेब लोक बोटं चाटायचे."

साहेबांनी पेन थांबवलं. आम्हा सगळ्यांकडं बघितलं, मग समोरच्या कागदांकडं. मला वाटलं, संपलं. घरची आईच सांगते आचारी होता, मग कॅप्टन काय लिहितो याला कोण विचारतं?

मामा उभे राहिले. सदऱ्याची बटणं सोडली आणि उजवा खांदा उघडा केला. मी तो व्रण पहिल्यांदाच बघितला. खाली मान घालून म्हणाले, "साहेब, माय खोटं न्हाई सांगत. म्या तिला खोटं सांगतलं. मी गनवर व्हतो."

आजी तंबाखू मळत होत्या. म्हणाल्या, "आं? च्या टाकला का न्हाई साहेबांला?"

ऐकूच आलं नाही त्यांना! देवच पावला म्हणणार होते, पण तेही आम्ही मानत नाही. साहेब मात्र आजींकडं जरा वेळ टक लावून बघत राहिले, मग लिहायला लागले. जाताना आजींच्या पाया पडले. का कुणास ठाऊक.

२२ जुलै

आलं! नोंद दुरुस्त झाली. नाईक तातेराव, सेना पदक, १९६५. पंधरा ऑगस्टला औरंगाबादला छावणीत बोलावलंय. मी स्वयंपाकघरात आत्याबाईंना धरून नाचले. मामांनी कागद वाचला, पुन्हा वाचला, घडी केली आणि विचारलं, "माय कुठं हाये?"

आजी आतल्या खोलीत निजल्या आहेत. सकाळपासून कणकण आहे.

२८ जुलै

आजींचा ताप उतरत नाही. भोकरदनचे डॉक्टर येऊन गेले, सुई दिली. वय झालंय म्हणाले. पेज दोन चमचेसुद्धा जात नाही.

मामा उशापासून हलत नाहीत. आज मला ओसरीवर बोलावलं. "लिही," म्हणाले. "नाईक तातेराव पदक घ्यायला तयार न्हाई. नोंद पहिल्यासारखी करावी."

"मामा!"

"म्या माह्या तोंडानं तिच्यापुढं म्हनलो, गनवर व्हतो. तिनं ऐकलं न्हाई, पन आनीला कान लागत न्हाईत. कागद आला अन् त्याच दिशी ती पडली. तुला दिसत न्हाई का?"

मी म्हटलं, आन घालणाऱ्यानं ‘सुटली’ म्हटलं की आन सुटते, लहानपणी आम्हीही म्हणायचो. आजींना म्हणायला सांगू.

"सांगू कसं? सुटली म्हन म्हनलं की मोडली हे सांगावं लागंल. तिला या तापात सांगू, की तुह्या गळ्याची आन चोवीस साल मोडून बसलोय?"

मी मामांना असं कधी बघितलं नव्हतं. बत्तीस गावांची जेवणं उरकणारा माणूस, पोरासारखा बाहीनं डोळे पुसत होता. मला स्वतःचाच राग आला. हे सगळं मीच सुरू केलं. हौस माझी, अक्षर माझं, आणि भोगायचं त्यांनी. लिहिते म्हटलं.

२९ जुलै

हे आज नीट लिहायचं आहे.

सकाळी आजींजवळ बसून मी ते पत्र लिहायला घेतलं, मामा वैद्याकडं काढा आणायला गेले होते. चार ओळी झाल्या असतील. आजींनी डोळे उघडले. "काय लिहून राह्यली?"

"काही नाही, शाळेचं."

"शाळेचं लिहिताना रडत असतात का?"

मी हळूच बोलले होते आणि त्यांना बराबर ऐकू आलं होतं. हे मला तेव्हा कळलं. दीड वर्ष झालं या घरात, आणि शिकलेली मी! मग मी काहीच लपवलं नाही. सगळं सांगितलं. मामांनी बजावलेलं मोडलं, त्याचं काय व्हायचं ते होवो.

आजी ऐकत राहिल्या. "तातेरावला बोलाव," एवढंच म्हणाल्या.

मामा काढ्याची बाटली घेऊन दारात आले तेव्हा त्यांनी खाटेवर हात आपटला. "इथं बस. मी आन लागून मरून राह्यले, असं वाटतं का तुला?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं.

"आन कवाच सुटली, येड्या."

"कवा?"

"तू गेल्ता त्याच दिशी. तुही गाडी वढ्याच्या वळणाला गेली अन् म्या म्हनलं, सुटली. एकदा म्हनून जिवाला बरं वाटंना, मंग दोनदा म्हनलं. लढाईला चाललेल्या लेकराच्या पायात कोन आन बांधून ठेवतं?"

मामा बसले ते बसलेच. "म्हंजे तुला ठाऊक व्हतं, मी लढाईला..."

"पलटन का जेवनावळी घालते व्हय रे? तुह्या हातची ती बुंदी खाल्ली अन् पक्कं झालं. असल्या आचाऱ्याला पलटनीनं गोळी घातली असती."

दारात आत्याबाई होत्या. हसू का रडू असं त्यांचं झालं होतं.

"मंग मला सांगतलं का न्हाई, माय? चोवीस साल मी तुह्याकडं बघून भीत राह्यलो. तुला शिंक आली तरी..."

"सांगतलं असतं तर तू बिनघोर झाला असता. पुंजाराम बिनघोर गेल्ता." आजी थांबल्या, त्यांना धाप लागली. "म्हनलं, सोताच्या जिवाला न्हाई तर मायच्या जिवाला भिऊन तरी लेकरू डोकं खाली ठेवंल."

"अन् परत आल्यावर?"

"परत आल्यावर तूच सांगतलं आचारी व्हतो. ही बिचारी तुला आखाड्यावर नेऊन शिकवून राह्यली. दोघांची एवढी मेहनत, मी कशाला पानी फिरवू? अन् बुंदी सुधारली ना."

मामांनी डोकं आजीच्या खाटेवर टेकलं. तोंड गोधडीत असतानाच म्हणाले, "माय, कालव्यावर गोळ्या सुटल्या तवा डोकं म्या खालीच ठेवलं व्हतं. तुह्यासाठी. खांदाच तेवढा वर राह्यला."

"ठाऊक हाये," आजी म्हणाल्या आणि त्या खांद्यावर हात ठेवून पडून राहिल्या.

ते चार ओळींचं पत्र मी चुलीत घातलं.

६ ऑगस्ट

आजींचा ताप उतरला. काल पातळ भात खाल्ला, आज मिरचीचा ठेचा मागितला. मामा म्हणतात, बघितलंस. मी म्हटलं, मामा, डॉक्टरांची सुईही होती. पण जास्त ताणलं नाही.

१५ ऑगस्ट

मामा आणि वसंता पहाटेच निघाले, गावातल्याच एका गाडीनं फाट्यापर्यंत. पलटणीचा जुना सदरा पोटावर बसेना म्हणून आत्याबाईंनी रात्री शिवण उसवून दिली. आजींना प्रवास झेपण्यासारखा नाही म्हणून शाळेतलं झेंडावंदन उरकून मी त्यांच्याजवळ येईन असं ठरलं होतं. निघताना मी होतेच.

मामा आजींच्या पाया पडले. मला वाटलं, आजी आता काहीतरी मोठं बोलतील. त्यांनी सदऱ्याची कॉलर सरळ केली आणि म्हणाल्या, "जल्दी ये."

गाडीचा आवाज दूर गेला. आजी खाटेवर बसून कान देऊन ऐकत होत्या. म्हणाल्या, "वळनावर गेली का गं?"

मी दारात जाऊन बघितलं. "गेली."

मी त्यांच्या ओठांकडं बघत होते. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि भिंतीला टेकल्या.

"मंग च्या टाक," म्हणाल्या. "या बारीला सोडवायचं काही न्हाई."